कोलायटिसचे उंदीर, सरासरी स्कोअर आणि तुमची मंजुरी : आयएईसीच्या सदस्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या फार्मसी कॉलेजं, मेडिकल कॉलेजं आणि रिसर्च संस्थांमधल्या आयएईसीचे (संस्थेच्या प्राणी-प्रयोग नैतिकता समितीचे) सगळे सदस्य, सीसीएसईएचे (प्राणी-प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीचे) नॉमिनी, आणि ज्यांच्या सहीने प्रोटोकॉल (प्रयोगाचे आराखडे) येतात ते पीआय (प्रमुख संशोधक) सर-मॅडम

सप्रेम नमस्कार.

मी व्हेट आहे, अ‍ॅनिमल हाऊस बघते. कुठलं ते लिहीत नाही, कारण जे लिहिणारे ते एका ठिकाणचं नाहीये, या लाईनमधल्या मैत्रिणींशी बोललं की थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच ऐकू येतं. सरळ मुद्द्यावर येते. कोलायटिसच्या प्रोटोकॉलमध्ये "प्राण्यांचे दररोज निरीक्षण करून डीएआय नोंदवला जाईल" (डीएआय म्हणजे आजार किती आहे त्याचा स्कोअर) असं एक वाक्य असतं आणि तेवढ्यावर तुम्ही मंजुरी देता. यापुढे देऊ नका. स्कोअरशीट मागा, ती कोण भरणार ते विचारा, आणि कुठल्या आकड्याला उंदीर प्रयोगातून बाहेर काढणार ते लिहून घ्या. मागणी एवढीच आहे. बाकीचं पत्र ती का करतेय त्याबद्दल आहे आणि ते लांबणारे, आधीच सांगते.

समितीत जे सायन्सचे नाहीत त्यांच्यासाठी थोडं मुळापासून. अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं, जुलाब होतात आणि पेशंट वर्षानुवर्षं गोळ्यांवर असतो. हा गोऱ्या लोकांचा आजार असं पूर्वी म्हणायचे, पण पंजाबातली एक पाहणी २००३ साली छापून आली त्यात लाखामागे ४४ च्या आसपास पेशंट निघाले. म्हणजे यावर आपल्याकडे काम व्हायलाच पाहिजे. मी प्रयोगांच्या विरोधात नाही हे इथेच लिहून ठेवते, नाहीतर पत्राचा तोच अर्थ काढला जाईल.

उंदरात हा आजार आणायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे डीएसएस. डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम, ३६ ते ५० हजार मॉलिक्युलर वेटचं, पिण्याच्या पाण्यात दोन-तीन टक्के, काही जण जास्तही घालतात, पाच ते सात दिवस. १९९० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी ही पद्धत उंदरात दाखवली आणि तेव्हापासून जगभर हीच चालते, कारण बाटली लावली की झालं, इंजेक्शन नाही, सर्जरी नाही, त्यामुळे नवीन स्कॉलरच्या हातात पहिला प्रयोग बऱ्याचदा हाच पडतो. आतड्याचं अस्तर खराब होतं, आतले बॅक्टेरिया भिंतीला भिडतात, सूज चढते. पहिले दोन-तीन दिवस वरून काहीच कळत नाही, उंदीर मजेत. मग शी मऊ व्हायला लागते, रक्ताचा अंश येतो, साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून वजन घसरतं. आणि डीएसएस काढून साधं पाणी लावलं तरी वजन पुढे दोन-तीन दिवस घसरतच राहतं, हे खूप स्कॉलर्सना ठाऊकच नसतं. म्हणजे बाटली बदलली, आता हा बरा होणार असं समजून माणूस निवांत होतो आणि उंदराचे सगळ्यात वाईट दिवस तिथून सुरू होतात, आठवा, नववा.

आता डीएआय. डिसीज अ‍ॅक्टिव्हिटी इंडेक्स. १९९३ पासून वापरात आहे, तीन गोष्टी बघायच्या, वजन किती टक्के कमी झालं, शी कशी आहे, रक्त आहे का. प्रत्येकाला शून्य ते चार. वजन कमी नाही तर शून्य, पाच टक्क्यांपर्यंत एक, दहापर्यंत दोन, त्यापुढे तीन, आणि चार कुठून सुरू करायचा यात दोन परंपरा आहेत, कुणी १५ टक्क्यांनंतर चार देतं, कुणी २० नंतर. शी नॉर्मल शून्य, सैल दोन, जुलाब चार. रक्त नाही शून्य, शीतलं न दिसणारं रक्त दाखवणाऱ्या कार्डवर टेस्ट केल्यावर सापडलं तर दोन, डोळ्यांनी दिसलं तर चार. तिघांची बेरीज, भागिले तीन. कुणी भागतच नाही, बेरीजच छापतं, मग कमाल बारा होते. प्रोटोकॉलमध्ये नुसतं "डीएआय" लिहिलं तर यातलं नक्की काय हे तुम्हाला कळायला काही मार्ग नसतो, आणि मीटिंगमध्ये कुणी विचारल्याचं माझ्या कानावर नाही.

खरी भानगड त्या भागिले तीनमध्ये आहे. एक उंदीर घ्या, २१ टक्के वजन गेलंय. वीस ग्रॅमचा होता, आता सोळाच्याही खाली आलाय. कोपऱ्यात पाठीचं कुबड काढून, केस पिंजारून, डोळे अर्धे मिटून बसलाय. दोन दिवस काही खाल्लं नाहीये त्यामुळे आतडं रिकामं, शी होतच नाहीये. स्कॉलर त्याला रिकाम्या केजमध्ये ठेवून पाच-दहा मिनिटं वाट बघतो, एकही लेंडी पडत नाही, मग तो शीच्या कॉलममध्ये शून्य लिहितो आणि शीच नाही तर रक्त कशात बघणार, तिथेही शून्य. चार अधिक शून्य अधिक शून्य, भागिले तीन, एक पूर्णांक तेहतीस. शेजारच्या केजमधला दुसरा उंदीर, सहा टक्के वजन गेलंय, शी सैल, कार्डवर रक्त. दोन, दोन, दोन. स्कोअर दोन. म्हणजे कागदावर मरायला टेकलेला उंदीर हा चालत्या-फिरत्या उंदरापेक्षा चांगल्या तब्येतीचा. गणितात नापास झालेल्या पोराला चित्रकलेचे मार्क मिळवून वर ढकलावं तसला हा हिशोब आहे, फक्त इथे पोराचा जीव जातो.

असं कधीतरीच होतं असं समजू नका. कोलायटिस जितका जोरात तितकं खाणं बंद आणि तितकी शी गायब, त्यामुळे स्कोअर नेमका तिथेच फसतो जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज असते. उपाय फुकटचा आहे. "शी मिळाली नाही" हा वेगळा कोड ठेवा, शून्य नाही. आणि बाहेर काढायचा निर्णय सरासरीवर कधीच घेऊ नका, एकेका खुणेवर घ्या. वजन २० टक्के गेलं, बाहेर. कमी गेलंय पण हात लावला तरी हलत नाही, अंग थंड लागतंय, बाहेर. डोळ्यांनी दिसणारं रक्त दुसऱ्या दिवशीही आहे आणि वजनही उतरतंय, तर निदान मला फोन. ही कामं सरासरीने होत नाहीत, सरासरी पेपरमधल्या ग्राफसाठी ठेवा, तिथे तिचं काम आहे.

दुसरी गोष्ट याहून वाईट आणि ती पीआय लोकांनी नीट वाचावी, कारण यात प्राण्याचं दुःख बाजूला ठेवलं तरी तुमचा डेटा खोटा पडतो. समजा आठव्या दिवशी औषध न देता नुसतं डीएसएस दिलेल्या ग्रुपमधले दोन उंदीर मेले किंवा आपण काढले. नवव्या दिवशी त्यांचा स्कोअर नाही, उरलेल्यांची सरासरी काढली, ती साहजिकच खाली आली कारण सगळ्यात आजारी दोघे हिशोबातून गेलेत. ग्राफवर काय दिसतं, ग्रुप सुधारला. हेच औषधवाल्या ग्रुपमध्ये झालं की औषध लागू पडलं. मी असे ग्राफ बघितलेत, खाली किती उंदीर उरले त्याचा आकडा नसतो, बघणाऱ्याला काय कळणार. जो गेला त्याचा शेवटचा स्कोअर पुढे नेणारे की कमाल स्कोअर देणारे हे आधी ठरवा आणि प्रोटोकॉलमध्ये लिहा, प्रयोग झाल्यावर सोयीचं निवडायचं नाही. कुठला प्राणी का वगळला हे सांगा असं अराइव्ह गाइडलाइन्स (प्राणी-प्रयोगांचे पेपर कसे लिहावेत याच्या) २०१० पासून सांगतायत आणि २०२० मध्ये त्यांची नवी आवृत्ती आली त्यात हे तर पहिल्या दहा आवश्यक गोष्टींत आहे.

बरं, रोज बघणार म्हणजे कोण बघणार. आमच्याकडे, आणि तुमच्याकडेही असणार, शनिवार-रविवार अ‍ॅनिमल हाऊसमध्ये फक्त मामा असतात, म्हणजे तिथले कामगार. पाणी-खाणं बघतात, एसी चालू आहे का बघतात, रजिस्टरवर सही करतात. स्कॉलर गावी गेलेला असतो. गणपतीत तर विचारूच नका. आता हिशोब करा, सुरुवातीचा दिवस शून्य धरून, प्रयोग सोमवारी चालू केला तर पाचवा-सहावा दिवस शनिवार-रविवार, म्हणजे वजन घसरायला लागलं तेव्हा तराजूला हात लावायला कुणी नाही. शुक्रवारी चालू केला तर आठवा-नववा शनिवार-रविवार, म्हणजे त्याहून भयंकर. बुधवारी चालू करा. मग शनिवार-रविवारी तिसरा-चौथा दिवस येतो, उंदीर बऱ्यापैकी असतो, आणि पाचव्यापासून नवव्यापर्यंत सोमवार ते शुक्रवार सगळे हजर. इतकं साधं आहे हे, पण "सुरुवात कुठल्या वारी" हा प्रश्न प्रोटोकॉलवर कुणी विचारत नाही. रविवारची सुट्टी त्यानेही संपत नाही, दहावा-अकरावा दिवस येतोच, तेव्हाही कुणीतरी यायलाच पाहिजे, फक्त धोका कमी होतो.

मामांचा विषय निघालाच तर. माझ्या अनुभवात उंदीर आजारी आहे हे सगळ्यात आधी मामांना कळतं. स्कॉलर दिवसा येतो, उंदीर दिवसा झोपलेला असतो, शिवाय हा शिकार होणारा प्राणी, माणूस समोर आला की दुखणं लपवतो. मामा सकाळी केज बदलतात, त्यांना बेडिंग ओलं दिसतं, शेपटीखाली डाग दिसतो, टिश्यूचं घरटं केलेलं नाही हे दिसतं. "मॅडम, त्या तिसऱ्या रांगेतल्याने आज घर नाही केलं" असं मामा म्हणाले की मी तो केज आधी बघते. घरट्याला एक ते पाच असा स्कोअर द्यायची पद्धत छापील आहे, तिला पैसे लागत नाहीत, कापूस किंवा टिश्यू टाका आणि सकाळी बघा. चेहऱ्यावरून वेदना ओळखायची ग्रिमेस स्केल २०१० मध्ये आली, डोळे, नाक, गाल, कान, मिशा या पाच गोष्टी, तीही शिकवता येते. पण आमची सगळी शीट इंग्रजीत, त्यावर "लूज स्टूल", "पायलोइरेक्शन" असले शब्द, आणि ज्या माणसाला सगळ्यात आधी कळतं त्याला भरायची परवानगीच नाही. माझी दुसरी मागणी इथे घुसडते, रॅकवर एक पान मराठीत लावा. केस उभे, पाठ वाकडी, हलत नाही, शेपटीखाली ओलं किंवा लाल, घरटं नाही, आणि खाली एक मोबाईल नंबर. यातलं काही दिसलं की मामा फोन करतील, रविवार असला तरी. आणि फोन केल्यावर त्यांना कुणी ओरडायचं नाही, हेही लिहा, कारण "सॅम्पल वाया घालवलं" म्हणून ओरडा खाल्लेले मामा मला माहीत आहेत आणि ते नंतर कधी फोन करत नाहीत.

सैल आणि जुलाब यातला फरक. हसू नका, यावरून भांडणं होतात. एकाच उंदराची एकच लेंडी दोन स्कॉलर्सना दाखवा, एक म्हणेल नॉर्मल, दुसरा म्हणेल दोन. माझ्याकडे मी असं ठरवलंय की आकार लेंडीचा आहे पण चिमट्याने दाबल्यावर कागदाला चिकटून पसरते ती सैल, आकारच राहत नाही किंवा मागच्या बाजूला चिकटलेली आहे ती जुलाब. तुम्ही वेगळं ठरवा, पण ठरवा, फोटो काढून चार्ट करा आणि प्रयोगाआधी दोघांनी एकमेकांचं न बघता तेच उंदीर स्कोअर करून आकडे जुळतात का बघा. एकदा ठरलेला माणूस मधेच बदलू नका. वजन रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर. वीस ग्रॅमच्या उंदराचे पाच टक्के म्हणजे एक ग्रॅम, आणि उंदीर दिवसाला चार-पाच मिलिलिटर पाणी पितो, म्हणजे आज सकाळी उठल्या उठल्या आणि उद्या दुपारी असं वजन केलंत तर एका पायरीचा फरक नुसत्या खाण्यापिण्याने पडू शकतो. उंदीर कमी वयाचा असेल तर आणखी घोळ, साध्या पाण्यावरचा रोज वाढत असतो आणि डीएसएसचा जागेवर असतो, पहिल्या दिवसाच्या वजनाशी तुलना केली की नुकसान शून्य दिसतं.

आणि शेपटीला धरून उचलणं बंद करा हो. नळीतून किंवा ओंजळीत उचललेला उंदीर कमी घाबरतो हे २०१० मध्येच छापून आलंय. कोलायटिसमध्ये रोज उचलायचा, रोज तोलायचा, रोज मागून बघायचा, त्यात रोजची भीती वर कशाला, आणि घाबरलेला उंदीर हातातच शी करतो ती वेगळीच.

आता आपल्या खास विषयाकडे. आपल्याकडे कोलायटिसवर जे काम होतं त्यातलं पुष्कळसं वनस्पतींच्या अर्कावर, कुडा, बेल, हळद, डाळिंबाची साल, एम.फार्म.ची मुलं, पीएच.डी.ची मुलं. चांगलंच आहे, कुड्याची साल जुलाबावर आपल्या आज्याही द्यायच्या. पण स्कोअरच्या दृष्टीने या अर्कांनी तीन गंमती होतात. पहिली, अर्क पाण्यातूनच दिला तर पाणी कडू होतं, उंदीर कमी पितो. कमी प्यायला म्हणजे डीएसएसही कमी गेलं, म्हणजे कोलायटिस कमी झाला, म्हणजे औषध लागू पडलं! बाटली रोज तोलली नसेल तर हे कधीच कळणार नाही. तोंडातून ट्यूबने दिला तरी बाटली तोला, कारण पोट भरलेला किंवा मळमळणारा उंदीरही कमी पितो. दुसरी, अर्क काळपट असतो, शीही काळपट येते, मग "डोळ्यांनी दिसणारं रक्त" हा कॉलम कसा भरणार. कार्ड टेस्टही फसू शकते कारण ती पेरॉक्सिडेज या एन्झाइमसारख्या क्रियेवर चालते आणि वनस्पतींमध्येही पेरॉक्सिडेज असतं, निदान नुसत्या अर्काचा एक थेंब कार्डवर टाकून निळं होतंय का ते आधी बघा, आणि डीएसएस न दिलेल्या, नुसता अर्क दिलेल्या उंदराची शीही तपासा. तिसरी, ब्लाइंडिंग. स्कोअर देणाऱ्याला ग्रुप माहीत नको असं प्रोटोकॉलमध्ये सगळे लिहितात, आणि प्रत्यक्षात केजकार्डावर ठळक मार्करने "डीएसएस अधिक हाय डोस" लिहिलेलं असतं, हळदीवाल्याचं तर बेडिंगच पिवळं. कोड नंबर लावा, कार्ड उलटं करा, डोस देणारा वेगळा आणि स्कोअर देणारा वेगळा. माणसं कमी आहेत हे मला ठाऊक आहे, मग दोन लॅबनी एकमेकांचे उंदीर स्कोअर करा, अदलाबदल.

केजचाही एक मुद्दा आहे जो समितीतल्या स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी उचलावा. डीएसएस बाटलीतून जातं, बाटली केजला एक, केजमध्ये चार-पाच उंदीर. सगळे एकच पाणी पितात, एकमेकांची शी खातात (हो, खातात, त्यांची ती सवय आहे), एकमेकांचे बॅक्टेरिया घेतात. मग एका केजमधले पाच म्हणजे पाच स्वतंत्र आकडे नाहीत. एक ग्रुप एक केज असा डिझाईन आला तर तो परत पाठवा, तो प्रयोग औषधाची तुलना करत नाही, दोन केजची करतो. हे न केल्यामुळे निकाल दुसऱ्यांदा येत नाही आणि मग पुन्हा तेवढेच उंदीर मागायला तुमच्याकडेच येतात.

मारल्यानंतरच्या स्कोअरबद्दल थोडक्यात, कारण तिथे लोक जास्त काळजी घेतात. आतड्याची लांबी, नॉर्मल उंदरात साधारण आठ सेंटिमीटर, कोलायटिसमध्ये आखडून पाच-सहा. न ताणता, पट्टीसोबत फोटो काढून मोजा. स्लाइडसाठी आतड्याची गुंडाळी करून पूर्ण लांबी बघा, डीएसएसचा मार शेवटच्या भागात जास्त असतो आणि जिथून तुकडा कापाल तसा निकाल बदलतो. पॅथॉलॉजिस्टलाही ग्रुप सांगू नका. जिथे छोटा एंडोस्कोप आहे त्यांनी जिवंतपणीच बघावं, भिंतीचा जाडपणा, रक्तवाहिन्या, फायब्रिन, खरबरीतपणा आणि शी, प्रत्येकी शून्य ते तीन, एकूण पंधरा. आपल्यातल्या बहुतेकांकडे तो नाही. पण शीमधलं लायपोकॅलिन-२ (सूज असली की वाढणारं प्रथिन) मोजणं त्या मानाने परवडतं, रोजची लेंडी फ्रीझरमध्ये ठेवा आणि शेवटी एकत्र एलायझा (प्रथिन मोजायची टेस्ट) करा. आकडा माणसाच्या नजरेवर अवलंबून नाही आणि उंदराला काही टोचावं लागत नाही. शिवाय आयएल-१० (सूज आवरणारं प्रथिन) नसलेले उंदीर किंवा टी सेल टोचून केलेला कोलायटिस हे आठवड्यांवर चालणारे आजार आहेत, त्यांना डीएसएसची शीट चालत नाही, तिथे गुदद्वार बाहेर येणं आणि हळूहळू खंगणं बघावं लागतं. प्रोटोकॉल बदलला पण शीट तीच कॉपी-पेस्ट, असं दिसलं तर परत पाठवा.

वेदनेचं काय, हा प्रश्न मीटिंगमध्ये आला की ठरलेलं उत्तर येतं, "वेदनाशामक दिलं तर रिझल्ट बिघडतो". अर्धं खरं आहे. नेहमीच्या सूज कमी करणाऱ्या गोळ्या आतड्याला आणखी त्रास देतात आणि ब्युप्रेनॉर्फिन या दुसऱ्या वेदनाशामकाने आतड्याची हालचाल मंदावते. पण यावरून "म्हणून काहीच करणार नाही" इथे थेट उडी नका मारू देऊ. भिजवलेलं खाणं केजच्या तळाशी ठेवा, अशक्त उंदराला वरच्या जाळीपर्यंत पोचता येत नाही. जेल द्या, जास्त टिश्यू द्या, ऊब द्या, फक्त जे द्याल ते सगळ्या ग्रुपना सारखं. आणि टक्केवारी कमी करता येते का ते विचारा. अडीच टक्क्यांत फरक दिसत असेल तर पाच टक्के कशाला? जास्त उंदीर मरणारा कोलायटिस हा चांगला कोलायटिस असा एक विचित्र समज आहे, उलट इतक्या जोराच्या आजारात औषधाला काम करायला जागाच उरत नाही.

"सगळ्या पेपरमध्ये असंच लिहितात" हे मला नेहमी ऐकवलं जातं. लिहीत असतील. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम १७ सांगतं की प्रयोग काळजीने आणि माणुसकीने व्हावेत, १९९८ च्या नियमांनी तुमची समिती तेवढ्यासाठीच बसवलीय, आणि ती पेपर छापण्यासाठी नाहीये. मला माहितीये, तुमच्यासमोर एका दुपारी ढीगभर फॉर्म बी (मंजुरीचे अर्ज) येतात, चहा थंड होतो, बाहेरगावहून आलेल्या नॉमिनींना गाडी पकडायची असते. पण प्राण्यांची संख्या चाळीस की बत्तीस यावर अर्धा तास जातो आणि त्या बत्तिसांना आठव्या दिवशी कोण बघणार यावर दोन मिनिटंही जात नाहीत, हे मी स्वतः मीटिंगमध्ये बसून बघितलंय.

सायन्सचे नसलेले सदस्य बऱ्याचदा गप्प बसतात, आपल्याला यातलं काय कळतंय म्हणून. तुम्ही फक्त हे विचारा, सर, सगळ्यात वाईट दिवशी हा उंदीर कसा दिसेल, तो दिवस कुठल्या वारी येतो, आणि त्या दिवशी केजसमोर कोण उभं असेल. उत्तर नावासकट आलं पाहिजे, "आमची टीम" चालणार नाही. व्हेट सदस्यांना माझी विनंती वेगळी आहे, मंजुरीनंतर एकदा आठव्या-नवव्या दिवशी न सांगता खाली या आणि भरलेली शीट बघा. सगळ्या उंदरांना सगळे दिवस एकाच पेनने, एकाच हस्ताक्षरात, एकही खाडाखोड नसलेली शीट दिसली तर ती एका बैठकीत भरलीय हे तुम्हाला सांगायची गरज नाही. आणि प्रयोग संपल्यावर पीआयकडून एक पान मागवा, किती उंदीर ठरलेल्या खुणेवर काढले, किती केजमध्ये मेलेले सापडले. मेलेले सापडले हा आकडा मोठा असेल तर याचा अर्थ एवढाच की कुणी बघत नव्हतं, आणि त्याच पीआयचा पुढचा प्रोटोकॉल येईल तेव्हा ते पान समोर ठेवा.

मी वापरते ती शीट, मराठी पान धरून, कुणालाही द्यायला तयार आहे. तिच्यात चुका काढा, बदला, तुमच्या नावाने वापरा, माझी काही हरकत नाही.

आपली,
अ‍ॅनिमल हाऊसमधली एक व्हेट

ता.क. डीएसएसचा नवीन लॉट आला की जुन्या टक्केवारीवर विसंबू नका, आधी थोड्या उंदरांवर बघा, लॉटनुसार जोर बदलतो. आणि आतड्यातून आरएनए काढणाऱ्यांसाठी, डीएसएस टिश्यूत राहतं आणि पीसीआर (जीन मोजायची टेस्ट) अडवतं, लिथियम क्लोराइडने साफ केल्याशिवाय "जीन दिसत नाही" म्हणून पुन्हा उंदीर मागायला येऊ नका.